तोंडं मोजायचा शब्द

ऑक्टोबरच्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला.
झुल्दिझ शांघायला गेली, कोरियन मुलं घरी,
आणि मी, तिकीट मिळालं त्या गाडीनं,
पिंगयाओला, रात्रभर बसून,
मांडीवर शब्दांची वही, वहीवर
शेजारच्या बाईचं झोपलेलं मूल.

आमच्या पुस्तकात सोळाव्या धड्यात हे गाव आहे.
जुनी तटबंदी, जुन्या पेढ्या, तीन वाक्यं, एक फोटो.
फोटोत माणूस नव्हता.
इथं वेशीतच एवढी गर्दी
की उचललेला पाय ठेवायला जागा नाही.
पिवळ्या टोप्या, लाल टोप्या, प्रत्येक रंगाला एक भोंगा.
मला त्यातलं कळलं ते एवढंच:
इकडे या, हात लावू नका, स्वच्छतागृह.
दोन वर्षं घोकून.

शहर आणि तट, दोघांना एकच शब्द, छंग.
वर चढल्यावर तो पटला.
खाली कौलांवर वाळत घातलेला मका,
एका छपरावर मांजर, एकावर सोलरचा बंब,
आणि कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाक मारत होतं
वर्गात कधीच न शिकवलेल्या सुरात.

सूर इथले वेगळेच.
माझे चार, प्रयोगशाळेत घासूनपुसून घेतलेले,
व्हिनेगरवाल्यापुढं सुट्या पैशांसारखे सांडले.
आवाज झोका घेऊन वर आला तर घेणं,
थेट पडला तर विकणं.
माझा पडला.
"विकतेस?" म्हाताऱ्यानं माझ्या पिशवीत डोकावलं.
छत्री, वही, एक केळं.
"केळं केवढ्याला?"
तो हसला, मग त्याची सून, मग मी.
बाटली काळीभोर. कशाचं, विचारलं,
त्यानं फोनवर चित्र काढून दाखवलं:
ज्वारीचं कणीस.
दोन युआन कमी लावले. बहुतेक केळ्याचे.

उतरले होते हाओबाईंकडे.
आडनाव हाओ, ऐकायला हुबेहूब 'चांगलं',
लिहायला निराळं.
त्या फार चांगल्या होत्या अशातला भाग नाही:
गरम पाण्याचे वेगळे पैसे, दहानंतर दार बंद.
पण रात्री अंगणात त्यांनी अक्रोड पुढं सरकवले
तेव्हा मी पहिल्या धड्यातला प्रश्न काढला,
सगळेच परदेशी काढतात तो:
तुमच्या घरात तोंडं किती?
इथं घरातली माणसं तोंडांवर मोजतात.
आपणही मोजतो, पण डाळ महागली की.

"चार," त्या म्हणाल्या.
मी पाहिलं. एक वाडगा, काड्यांची एक जोडी,
दोरीवर एकच स्वेटर.
मुलगा शेन्झेनला, सून शेन्झेनला,
त्यांनी बोटं मुडपली, तिसरी मी.
"आणि ही," हनुवटीनं दाखवली
अंगणातली विहीर.
तिलाही मोजायला तोच शब्द, तोंड.
कोरडी आहे. वर काच बसवलेली,
काचेला फट, पाहुण्यांनी नाणी टाकावीत म्हणून.
"हिचं खाणंपिणं तुम्ही बघता,"
म्हणाल्या, आणि दारात घालून अक्रोड फोडला.

हसायचं होतं की नाही, कळलं नाही.
शब्द तर सगळे येत होते.

परतताना स्टेशनवर यंत्रातून पिशवी गेली.
गणवेशातली मुलगी, माझ्याच वयाची,
बाटली उचलून उजेडात धरते. हे काय?
व्हिनेगर, म्हणाले मी. चौथा सूर, नेमका लागलेला.
तिचं समाधान होत नाही. नियम एकच,
पातळ काही असेल तर समोर पिऊन दाखवा.
"एक तोंड," ती म्हणाली.
म्हणजे एक घोट.
म्हणजे तोच शब्द.

मागं रांग, गाडीला नऊ मिनिटं.
मी बूच काढलं, घेतला घोट.
कान गरम झाले, एक डोळा आपोआप मिटला.
तिनं माझा चेहरा नीट वाचला
आणि म्हणाली, हो, व्हिनेगरच आहे.
बाटलीवर लिहिलेलं होतंच ते, मोठ्या अक्षरांत.